सोलमधला बुधवार

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. जपानी वकिलातीच्या परिसरात दर बुधवारी दुपारी बारा वाजता, युद्धकाळात जपानी सैन्याच्या अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांना न्याय मिळावा म्हणून निदर्शक जमतात. पहिली निदर्शनं झाली ८ जानेवारी १९९२ रोजी, जपानचे पंतप्रधान मियाझावा कोरियाच्या भेटीवर येण्याच्या तोंडावर. तेव्हापासून थंडी असो, पाऊस असो, हा क्रम सुरू आहे. मार्च २०११ मध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपलं, त्या बुधवारी मात्र घोषणा झाल्या नाहीत. त्या पीडित वृद्ध स्त्रियांनी जपानच्या मृतांसाठी मूक श्रद्धांजली वाहिली. या आंदोलनाला जपानद्वेष म्हणणाऱ्यांनी हा एक दिवस जरूर आठवावा.

१९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. युद्धकाळात गरीब घरांतल्या मुलींना फसवून, कारखान्यातल्या नोकरीचं आमिष दाखवून किंवा बळजबरीने जपानी सैन्याच्या कुंटणखान्यांत नेलं गेलं. परतलेल्यांनी तोंड उघडलं नाही. अब्रू जाण्याची भीती पीडितेलाच होती. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या वृद्धेने पत्रकारांसमोर स्वतःच्या नावानिशी सगळं सांगितलं. मग इतरही पुढे आल्या. सरकारदरबारी २४० जणींची नोंद झाली.

जपानचं म्हणणं, दोन्ही देशांतल्या १९६५च्या करारानेच भरपाईचे सगळे दावे मिटले. त्या करारात ३० कोटी डॉलरचं अनुदान आणि २० कोटींचं कर्ज होतं. या स्त्रियांचा विषय वाटाघाटींत निघालाच नव्हता. १९९३ मध्ये जपान सरकारचे प्रवक्ते कोनो यांनी लष्कराचा सहभाग मान्य करून माफी मागितली. दोन वर्षांनी भरपाईसाठी निधी उभा राहिला, पण स्त्रियांना दिली जाणारी रक्कम जनतेच्या देणग्यांतून येणार होती. गुन्हा सरकारचा, मग पैसे लोकांचे का, असं म्हणत अनेकींनी ते नाकारले. २०१५ मध्ये दोन्ही सरकारांनी एक अब्ज येनचा समझोता केला आणि प्रश्न कायमचा मिटल्याचं जाहीर केलं. हयात असलेल्या बहुतेकींनी पैसे घेतले, तरी या समझोत्यापूर्वी त्यांना पुरेसं विश्वासात घेतलं गेलं नव्हतं. खरा सल इथेच आहे: ज्यांनी भोगलं त्यांना वगळून वाद मिटवला जातो, आणि म्हणूनच तो मिटत नाही.

हजाराव्या निदर्शनांच्या दिवशी, १४ डिसेंबर २०११ला, वकिलातीसमोर खुर्चीवर बसलेल्या अनवाणी मुलीचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. शेजारची खुर्ची रिकामी ठेवलेली. तशीच स्मारकं परदेशांतही उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्मारकावरून ओसाकाने २०१८ मध्ये त्या शहराशी असलेलं भगिनी-शहराचं नातंच तोडलं.

आंदोलनाला घरचाही धक्का बसला. २०२० मध्ये ली योंग-सू या पीडितेनेच चळवळीतल्या संस्थेच्या पैशांच्या व्यवहारांवर जाहीर बोट ठेवलं. संस्थेच्या माजी प्रमुखाला पुढे अपहाराबद्दल शिक्षा झाली. या प्रकारानंतर आंदोलनाच्या विरोधातल्या गटांनी पुतळ्यासमोरची जागा आधीच नोंदवायला सुरुवात केली. बुधवारची निदर्शनं मग जवळच दुसरीकडे सरकली, पण थांबली नाहीत.