किरकोळ दुखण्यावर गावाजवळच उपचार

परभणी जिल्ह्यात ज्वारीच्या काढणीत विळा लागणे, ताप-जुलाब होणे ही नित्याची बाब. यासाठी जिल्हा रुग्णालय गाठल्यास मजुरी बुडते; दुखणे अंगावर काढल्यास ते बळावते. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. केंद्रात मलमपट्टी, औषधे व धनुर्वातप्रतिबंधक लस मिळते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. कुत्रा चावल्यास जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी व सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. सर्पदंश, छातीत कळ वा न थांबणारा रक्तस्राव ही मात्र किरकोळ दुखणी नव्हेत. मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.