आवाजाचा धनी कोण?

१८ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरून ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ हा अर्ध्या तासाचा अ‍ॅनिमेशनपट प्रथमच प्रक्षेपित झाला. डॉ. स्यूस यांच्या बालकथेवर बेतलेल्या या चित्रपटाचे निवेदन आणि खाष्ट ग्रिंचचा आवाज ही दोन्ही कामे बोरिस कार्लोफ यांनी केली होती. ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षसामुळे अजरामर झालेले हेच ते नट. चित्रपटात ग्रिंचच्या दुष्टपणाचे रसभरित वर्णन करणारे एक गाणे आहे, खर्जातले, भारदस्त. तेही कार्लोफ यांनीच म्हटले असावे, अशी प्रेक्षकांची समजूत झाली. ती स्वाभाविकच होती, कारण श्रेयनामावलीत या गाण्याच्या गायकाचे नावच नव्हते.

प्रत्यक्षात ते गाणे थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांचे. अमेरिकेतील घराघरांत हा आवाज रोज न्याहारीच्या वेळी ऐकू येत असे. केलॉग्ज कंपनीच्या फ्रॉस्टेड फ्लेक्सच्या जाहिरातीतील ‘टोनी’ नावाच्या वाघाला त्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ आवाज दिला. ग्रिंचच्या गाण्याला मात्र त्यांचे नाव लागले नाही. ही चूक ध्यानात आल्यावर खुद्द डॉ. स्यूस यांनी रेव्हन्सक्रॉफ्ट यांची क्षमा मागितली आणि देशभरातील वृत्तपत्रांच्या स्तंभलेखकांना पत्रे लिहून खरा गायक कोण हे कळवले. तरीही गैरसमज पुरता मिटला नाही. या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेला १९६८ मध्ये बालविभागाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो कार्लोफ यांच्या नावावर. याच चित्रपटातील चिमुकल्या सिंडी लू हिचा आवाज जून फोरे यांचा होता. त्यांचेही नाव श्रेयनामावलीत नव्हते.

लेखकाने स्वतः पत्रे लिहिण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. १९५० ते १९८०च्या दशकांत अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी तयार झालेल्या अ‍ॅनिमेशन मालिकांमधील असंख्य आवाज आजही निनावी आहेत, किंवा त्यांच्यावर भलत्याच कलाकाराचे नाव चिकटले आहे. या आवाजांचे धनी शोधून काढणे हा आता अभ्यासाचा विषय झाला असून त्याची स्वतःची अशी शिस्तही घडली आहे.

मुळात ही नावे हरवली कशी? त्याची सुरुवात दूरचित्रवाणीच्याही आधीची आहे. चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या लघुपटांमध्ये आवाज देणाऱ्यांना श्रेय देण्याची प्रथाच नव्हती. वॉर्नर ब्रदर्सच्या बग्ज बनीचा आवाज असलेले मेल ब्लँक यांनी पगारवाढ मागितली. निर्माते लिऑन श्लेसिंगर यांनी ती नाकारली. त्याऐवजी पडद्यावर नाव देण्याचे मान्य केले, असा किस्सा सांगितला जातो. १९४०च्या दशकाच्या मध्यापासून ‘आवाज : मेल ब्लँक’ अशी पाटी झळकू लागली, ती एकट्या ब्लँक यांचीच. एल्मर फड या शिकाऱ्याचा आवाज आर्थर क्यू. ब्रायन यांचा होता. १९५९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते पात्र रंगवले. पण पाटीवर त्यांचे नाव नाही. स्त्रीपात्रांचे आवाज आधी बी बेनाडरेट आणि पुढे जून फोरे यांचे. त्यांचीही तीच गत.

१९६०च्या ऑक्टोबरमध्ये ‘द बग्ज बनी शो’ या नावाने हे लघुपट एबीसी वाहिनीवर आले आणि नव्या पिढीने पाटी वाचून सगळे आवाज ब्लँक यांच्या खाती जमा केले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कोणाचेच नाव नसेल तर अभ्यासक निदान शोध तरी घेतो. एकच नाव दिलेले असेल तर शोध तिथेच थांबतो. अर्धवट श्रेय हे अनुल्लेखापेक्षाही अधिक दिशाभूल करणारे ठरते, ते असे.

दूरचित्रवाणीने या घोळात स्वतःची भर घातली. ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही हॅना-बार्बेरा स्टुडिओची १९६० ते १९६६ या काळातील १६६ भागांची मालिका. कार्टून नेटवर्क भारतात आल्यावर येथील प्रेक्षकांनीही ती पाहिली. फ्रेडचा शेजारी बार्नी याला मेल ब्लँक यांचा आवाज होता. २४ जानेवारी १९६१ रोजी लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरील एका धोकादायक वळणावर ब्लँक यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला आणि दोन आठवडे ते बेशुद्धावस्थेत होते. मालिका तर थांबवता येत नव्हती. तेव्हा डॉज बटलर यांनी पाच भागांत बार्नीचा आवाज काढला. पुढे ब्लँक शुद्धीवर आले आणि सर्वांगाला प्लॅस्टर असताना अंथरुणावरूनच त्यांनी ध्वनिमुद्रण सुरू केले. बटलर यांच्या या पाच भागांची दखल श्रेयनामावलीने घेतली नाही. कान देऊन ऐकणाऱ्याला मात्र फरक जाणवतो. ब्लँक यांच्या बार्नीचे ते खोल, घशातून येणारे हसणे त्या भागांत नाही.

शिवाय श्रेयनामावली ही काही दगडावरची रेघ नव्हे. त्या काळी मालिकेच्या सुरुवातीला व शेवटी प्रायोजकाचे नाव गुंफलेले असे. पुनःप्रक्षेपणासाठी मालिका विकताना हे उल्लेख नकोसे होत, म्हणून या पट्ट्याच बदलल्या जात. ‘फ्लिंटस्टोन्स’च्या पहिल्या दोन पर्वांचे मूळ शीर्षकसंगीत याच कारणाने कित्येक वर्षे प्रेक्षकांच्या कानावर पडले नाही. त्याजागी पुढील पर्वांतील गाणे जोडले जात होते. प्रत्येक भागाला वेगळी नामावली करण्याचा खर्च टाळण्यासाठी संपूर्ण हंगामाला एकच नामावली वापरण्याची पद्धतही होतीच. साहजिकच, एखाद-दुसऱ्या भागापुरते आलेले कलाकार गळाले. १९७० व ८०च्या दशकांत ‘सुपर फ्रेंड्स’, ‘ट्रान्सफॉर्मर्स’ यांसारख्या मालिकांनी नावे दिली खरी, परंतु ती नुसती ओळीने. कोणत्या पात्राला कोणाचा आवाज, याचा पत्ता नाही. विशी-पंचविशीतल्या नावांच्या यादीतून दोन वाक्ये बोलणारा पहारेकरी कोण हे ठरवायचे कसे?

काही वेळा नाव असते, पण ते खरे नसते. दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ पाहिलेल्या पिढीला ऑर्को हा उडता, विसराळू जादूगार आठवत असेल. त्याच्या आवाजापुढे एरिक गुंडेन हे नाव लागत असे. या नावाचा नट अस्तित्वातच नव्हता. तो आवाज होता फिल्मेशन स्टुडिओचे सर्वेसर्वा लू शायमर यांचा! कलाकार-संघटनेच्या नियमांमुळेही टोपणनावे पडत. संघटनेच्या कराराबाहेरील कामे, विशेषतः जपानी मालिकांचे इंग्रजी डबिंग, अनेकांनी दुसऱ्या नावाने केले. ‘काऊबॉय बीबॉप’च्या इंग्रजी आवृत्तीतील डेव्हिड लुकास म्हणजे प्रत्यक्षात स्टीव्ह ब्लूम. जपानमध्ये मूळ मालिकांच्या नामावलीत पात्र आणि कलाकार यांची नावे सहसा समोरासमोर दिली जातात. इंग्रजीत येताना मात्र ही शिस्त मागेच राहिली.

आता शोध कसा घेतला जातो ते पाहू. पहिला आधार कागदाचा. ध्वनिमुद्रणाला कोणाला बोलावले होते त्याची पत्रके, मानधनाच्या नोंदी, संवादांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली आद्याक्षरे, हे सर्वांत भक्कम पुरावे. वॉर्नर ब्रदर्सची जुनी दफ्तरे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने जतन केली आहेत. सर्वच स्टुडिओंचे नशीब एवढे बलवत्तर नव्हते. ध्वनिमुद्रणाच्या मूळ टेप उपलब्ध असतील तर काम आणखी सोपे होते, कारण दोन टेकच्या मध्ये दिग्दर्शक कलाकाराला नावाने हाक मारतो. चित्रफितीत ती हाक अर्थातच उरत नाही.

कागद नसेल तेथे रेडिओ मदतीला येतो. हे बहुतेक कलाकार मूळचे रेडिओवरचे. एल्मर फडचे ब्रायन ‘फिबर मॅगी अँड मॉली’ या लोकप्रिय श्रुतिकेत डॉक्टरची भूमिका करत. फ्रेडचा आवाज असलेले ॲलन रीड हेही रेडिओवर गाजलेले. रेडिओ कार्यक्रमांच्या शेवटी कलाकारांची नावे अनेकदा उच्चारली जात. त्यामुळे नाव आणि आवाज यांची खात्रीशीर जोडी अभ्यासकाच्या हाती लागते आणि तिच्याशी अनोळखी आवाज ताडून पाहता येतो.

ताडून पाहायचे म्हणजे नेमके काय? पट्टीचा कलाकार आवाजाची उंची, वय, प्रांत, प्रसंगी लिंगही बदलतो. रॉकी ही उडती खार मालिकेत पुरुषपात्र आहे, आवाज मात्र जून फोरे यांचा. काही खुणा तरीही लपत नाहीत. ‘स’चा उच्चार, दोन वाक्यांमध्ये श्वास घेण्याची लकब, शब्दाच्या शेवटचा स्वर सोडण्याची तऱ्हा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हसणे, ओरडणे, खोकणे. बोलताना सोंग टिकते, किंकाळी फोडताना ते निसटते. अभ्यासक म्हणूनच संवादांइतकेच लक्ष या फुटकळ आवाजांकडे देतात.

टेपचा वेग ही आणखी एक गोम. ‘द अ‍ॅल्विन शो’मधील खारींचा चिवचिवाट म्हणजे रॉस बॅगडासेरियन यांचा टेपचा वेग वाढवून ऐकवलेला पुरुषी आवाज होता. असा आवाज ओळखायचा तर ध्वनी पुन्हा संथ करावा लागतो. याची दुसरी बाजू भारतीय प्रेक्षकांशीही संबंधित आहे. सेकंदाला २४ चौकटींची फिल्म भारतासारख्या पाल पद्धतीच्या देशांत २५ चौकटींच्या वेगाने चालवली, की आवाज सुमारे चार टक्क्यांनी जलद आणि किंचित चढा होतो. बालपणी ऐकलेला आवाज आज डीव्हीडीवर ‘वेगळा’ वाटला, तर दरवेळी कलाकारच बदललेला असतो असे नाही.

या क्षेत्रातील सर्वांत चिकाटीचे काम ऑस्ट्रेलियाचे कीथ स्कॉट यांचे मानावे लागेल. ते स्वतः नकलाकार व आवाजाचे कलाकार. २००० साली आलेल्या ‘रॉकी अँड बुलविंकल’ चित्रपटात बुलविंकलचा आवाज त्यांचाच होता. जे वॉर्ड यांच्या स्टुडिओचा इतिहास त्यांनी त्याच वर्षी ‘द मूस दॅट रोअर्ड’ या पुस्तकात मांडला. ‘फ्रॅक्चर्ड फेअरी टेल्स’ या भागांत डॉज बटलर यांनी श्रेयाविना केलेले काम आज सर्वज्ञात आहे, ते अशा लेखनामुळेच. १९३० ते १९७० या कालखंडातील कार्टूनच्या आवाजांचा त्यांचा द्विखंडी ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नकलाकाराचा कान येथे उपयोगी पडतो. आवाज कसा काढला गेला असेल हे तो स्वतःच्या गळ्यावर तपासून पाहू शकतो.

मात्र नुसत्या कानावर विसंबण्यात धोका आहे. बटलर हे तर दुसऱ्यांचे आवाज काढण्यात वाकबगार. त्यांचा स्नॅगलपुस हा गुलाबी पहाडी सिंह ‘विझार्ड ऑफ ऑझ’मधील भित्र्या सिंहाच्या, म्हणजे बर्ट लार यांच्या ढंगात बोले. स्नॅगलपुस केलॉग्जच्या जाहिरातीत दिसू लागला तेव्हा लार यांनी हरकत घेतली : लोकांना वाटेल, मीच हा माल खपवतो आहे. परिणामी जाहिरातीत ‘स्नॅगलपुसचा आवाज डॉज बटलर यांचा’ असा खुलासा पडद्यावर द्यावा लागला. ज्या काळात मालिकांमध्येही नाव मिळणे दुरापास्त होते, त्या काळात बटलर यांना चक्क जाहिरातीत श्रेय मिळाले, तेही दुसऱ्याच्या तक्रारीमुळे. एका धुलाई-द्रवाच्या जाहिरातीतील बदकाने आपलीच नक्कल केली म्हणून लार यांनी न्यायालयातही दाद मागितली होती. हा दावा चालवण्याजोगा आहे, असा निर्वाळा अपील न्यायालयाने १९६२ मध्ये दिला. आवाज ही नटाची मिळकत आहे, हा विचार त्या निकालाने पुढे नेला.

मिळकतीचा विषय निघाला की जीन व्हँडर पिल यांची आठवण होते. फ्रेडच्या पत्नीचा, विल्माचा आवाज त्यांचा. त्यांना भागामागे २५० डॉलर मिळत. १९६६ मध्ये मालिका संपली तेव्हा पुनःप्रक्षेपणाच्या मानधनाऐवजी १५ हजार डॉलर एकरकमी घेण्याचा पर्याय त्यांनी स्वीकारला. मालिका त्यानंतरही जगभर दशकानुदशके दाखवली गेली. त्यांचे नाव तरी नोंदलेले होते. ज्यांचे नावच नाही, त्यांच्या वारसांनी कशाच्या बळावर काही मागायचे? यंत्राद्वारे आवाजाची हुबेहूब प्रतिकृती करता येऊ लागल्यापासून हा प्रश्न केवळ जुन्या हिशेबांचा राहिलेला नाही. प्रतिकृतीसाठी संमती घ्यायची तर ती कोणाची, हे आधी ठाऊक असावे लागते. २०२३ मध्ये अमेरिकी कलाकारांनी केलेल्या ११८ दिवसांच्या संपात कृत्रिम बुद्धिमत्ता हा एक कळीचा मुद्दा होता.

आवाज ओळखणारी संगणक प्रणालीही अभ्यासकांच्या दिमतीला आली आहे. तिचा उपयोग होतो. पण पार्श्वसंगीतात बुडालेली चार वाक्ये आणि तीही सोंगातली, एवढ्यावर तिलाही छातीठोक उत्तर देता येत नाही. म्हणून जबाबदार अभ्यासक ‘कागदोपत्री सिद्ध’, ‘ऐकून जवळपास निश्चित’ आणि ‘केवळ तर्क’ असे प्रकार वेगळे ठेवतात. संगणकीय सूच्यांमध्ये नेमका हाच भेद पुसला जातो. एकाचा तर्क दुसरीकडे उतरवला जातो, तिसरीकडे तो वस्तुस्थिती म्हणून छापला जातो.

कलाकाराला प्रत्यक्ष विचारणे हा खरे तर सर्वांत सरळ मार्ग. तोही दिवसेंदिवस बंद होत चालला आहे. बटलर १९८८ मध्ये गेले, ब्लँक त्याच्या पुढच्या वर्षी, व्हँडर पिल १९९९ मध्ये. जून फोरे यांचे २०१७ मध्ये वयाच्या ९९व्या वर्षी निधन झाले.

आपल्याकडे १९९०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागत असे. ती मुळात जपानी मालिका. हिंदी आवृत्तीतील शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा, हे कोणीही सांगेल. बघीराचा कोणाचा, बालूचा कोणाचा, असे विचारले तर त्याच पिढीतले किती जण उत्तर देऊ शकतील? या मालिकेच्या हिंदी डबिंगला तीस-पस्तीस वर्षेच झाली आहेत.