मातीचा आकडा गावास कळू द्या

तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. त्याच्या आसमंतातील माती, पाणी, दूध, भाजीपाला व मासळी यांचे नमुने घेऊन त्यांतील किरणोत्सर्ग मोजण्याचे काम भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करीत आली आहे. हे काम होत नाही, असा आरोप आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे निराळे आहे.

माती सहसा काही विसरत नाही. हवेतले किरणोत्सर्गी द्रव्य वाऱ्याबरोबर निघून जाते. परंतु सीझियम-१३७ जमिनीवर पडले की चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसते आणि न नांगरलेल्या जमिनीच्या वरच्या काही सेंटीमीटरांतच वर्षानुवर्षे राहते. ते निम्मे होण्यास तीस वर्षे लागतात. मात्र ते सापडले म्हणजे शेजारच्या केंद्रातूनच आले, असे समजणे हा निव्वळ उतावीळपणा होय. १९६३ च्या करारापूर्वी बड्या राष्ट्रांनी हवेत जे अणुस्फोट केले, त्यांची धूळ जगभरच्या शेतांत पडलेली आहे. भेद ओळखण्याची एक खूण आहे. अणुभट्टीत सीझियम-१३४ ही तयार होते व ते अवघ्या दोन वर्षांत निम्मे होते. मातीत ते आढळले तर द्रव्य भट्टीतले आणि ताजे, असे समजावे. ही पारख यंत्राची व तज्ज्ञाची. गावकऱ्याने विश्वासच ठेवायचा.

तो कोणावर ठेवायचा? केंद्र चालविणारे महामंडळ आणि माती तपासणारी प्रयोगशाळा, दोन्ही अणुऊर्जा विभागाच्याच. नियामक मंडळास पुरेसे स्वातंत्र्य नाही, हे २०१२ साली खुद्द महालेखापरीक्षकांनी नोंदविले होते. परीक्षक परीक्षार्थ्याच्या घरचाच असला, की मुलाच्या खऱ्या गुणांवरही वर्गाचा विश्वास बसत नाही. काही वर्षे खडू हाती धरल्यामुळे आम्हांस हे ठाऊक आहे.

जपानात २०११ च्या दुर्घटनेनंतर फुकुशिमा प्रांतातील तांदळाचे पोते न् पोते तपासण्यात आले, वर्षाला सुमारे एक कोटी पोती. नागरिकांनीही स्वतःची यंत्रे घेऊन रस्ते व शेते मोजली. हे सारे अपघातानंतर सुचले.

आपल्याकडे नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालात तारापूर परिसरातील जनतेस मिळणाऱ्या मात्रेचा आकडा छापला जातो, आणि तो वर्षाला एक मिलिसीव्हर्ट या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. पण चिंचणीच्या भातशेतकऱ्यास मिलिसीव्हर्ट म्हणजे काय, हे कोण सांगणार? गावागावाच्या मातीचा आकडा, मागील वर्षांच्या आकड्यांसह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सोप्या मराठीत लागावा. त्याच नमुन्याचा अर्धा भाग विभागाबाहेरील प्रयोगशाळेकडे जावा. जैतापुरास अद्याप भट्टी उभी राहिलेली नाही. तेथील मातीची पहिली नोंद ग्रामस्थांसमक्ष आताच करता येईल.