हरलेल्या संघाचा हिवाळी हिशेब

बेसबॉलचे सामने पाहण्याची संधी आपल्याला फारशी मिळत नाही; पण त्याचा धाकटा भाऊ शोभेल असा सॉफ्टबॉल तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या स्पर्धांत नक्कीच खेळला असेल. खेळाचे बारीक नियम या लेखासाठी ठाऊक नसले तरी चालेल. एक चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, एक फलंदाज, आणि ज्या संघाच्या धावा जास्त तो विजयी, एवढे पुरे. आपल्याला मैदानावरचा खेळ पाहायचा नाही. मैदान बर्फाखाली झाकलेले असताना संघाच्या कचेरीत जो खेळ चालतो तो पाहायचा आहे, आणि तो आहे निव्वळ अंकगणिताचा.

अमेरिकेतील प्रमुख स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. ऑक्टोबरअखेर हंगाम संपतो, फेब्रुवारीत पुन्हा सराव सुरू होतो. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, कोणाला किती पैसे देऊन आणायचे हे ठरते. आता २०१२ सालच्या बॉस्टन रेड सॉक्स या संघाची अवस्था पाहा. ६९ विजय आणि ९३ पराभव! गटात शेवटचा क्रमांक, आणि १९६५ नंतरची त्या संघाची सर्वांत वाईट कामगिरी. समजा, त्या वर्षी संघाच्या जमाखर्चाची वही तुमच्या हाती दिली असती, तर तुम्ही काय केले असते?

बहुतेक जण म्हणतील, ‘सर्वांत चांगले आणि सर्वांत महाग खेळाडू विकत घ्या.’ गंमत अशी की संघाने आधी नेमके हेच केले होते. डिसेंबर २०१० मध्ये कार्ल क्रॉफर्ड या खेळाडूशी सात वर्षांचा, १४ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. पुढच्याच एप्रिलमध्ये एड्रियन गोन्झालेझला सात वर्षांसाठी १५ कोटी ४० लाख डॉलर देण्याचे ठरले. क्रॉफर्डचा सूर हरपला, तो जायबंदी झाला. पण करार तर करारच. खेळाडू खेळो वा न खेळो, पैसे चुकत नाहीत. अखेर ऑगस्ट २०१२ मध्ये हे दोघे, जॉश बेकेट हा पिचर आणि आणखी एक खेळाडू अशा चौघांना लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडे धाडण्यात आले, आणि रेड सॉक्सच्या डोक्यावरचा २५ कोटी डॉलरहून अधिक बोजा उतरला. हात मोकळे झाले. आता प्रश्न असा, की मोकळ्या झालेल्या हातांनी काय करायचे?

डॉक्टर औषध देण्याआधी रोग तपासतो. इथेही पहिला प्रश्न तोच: संघ खरोखरच ६९ विजयांच्या लायकीचा होता की त्याला दुर्दैवानेही गाठले होते? याचे उत्तर देणारे एक सुंदर सूत्र बिल जेम्स नावाच्या माणसाने शोधले. हे गृहस्थ कॅन्सस राज्यातील डबाबंद खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात रात्रीचे पहारेकरी होते. पहारा देता देता ते बेसबॉलचे आकडे तपासत बसत, आणि १९७७ पासून त्यांनी आपले निष्कर्ष स्वतःच छापायला सुरुवात केली. त्यांचे सूत्र असे: संघाने काढलेल्या धावांचा वर्ग करा, संघाविरुद्ध झालेल्या धावांचाही वर्ग करा. पहिल्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागा. येणारा अपूर्णांक म्हणजे संघाने जिंकायला हव्या होत्या अशा सामन्यांचे प्रमाण. वर्गांची बेरीज आली म्हणून याला पायथागोरसचे नाव चिकटले. काटकोन त्रिकोणाशी मात्र याचा काहीही संबंध नाही.

रेड सॉक्सने २०१२ मध्ये ७३४ धावा काढल्या आणि ८०६ दिल्या. करून पाहा. ७३४ चा वर्ग ५,३८,७५६. ८०६ चा वर्ग ६,४९,६३६. भागाकार येतो ०.४५३. त्याला १६२ ने गुणले की सुमारे ७३. म्हणजे धावांच्या हिशेबाने संघ ७३ विजयांचा होता, हाती लागले ६९. चार विजय नशिबाने नेले म्हणा हवे तर.

नशिबाचा हा हिस्सा केवढा असू शकतो? शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून पाहावा. तीस मुलांपैकी प्रत्येकाने एक नाणे १६२ वेळा उडवायचे आणि किती वेळा छाप पडली ते मोजायचे. सरासरी ८१ यायला हवी. पण प्रत्येकाला ८१ मुळीच मिळणार नाही! संभाव्यतेचे गणित सांगते की इथे प्रमाण विचलन म्हणजे १६२ च्या वर्गमुळाच्या निम्मे, साधारण ६.४. तीसपैकी सुमारे वीस मुलांच्या छापा ७५ ते ८७ च्या दरम्यान पडतील, आणि एखाद्या बिचाऱ्याला ६९ किंवा त्याहूनही कमी. नाणी सगळी सारखीच. कोणाचेच नाणे ‘वाईट खेळले’ नाही. तेव्हा हंगामाच्या तक्त्याकडे पाहून संतापाने सगळा संघ मोडीत काढणारा व्यवस्थापक पुष्कळदा नाण्यावर रागावत असतो.

याला जोडूनच आणखी एक नियम येतो. १८८६ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईवडील आणि मुले यांच्या उंचीची तुलना करून दाखवले, की फार उंच आईबापांची मुले उंच असली तरी सरासरीने त्यांच्यापेक्षा थोडी कमी उंच असतात. फार ठेंगण्यांची थोडी अधिक उंच. टोकाच्या आकड्यामागून येणारा आकडा बहुधा सरासरीच्या जवळ येतो. खेळाडूंनाही हे लागू पडते. जॉन लेस्टर हा चांगला पिचर २०१२ मध्ये ९ सामने जिंकला आणि १४ हरला. त्याची एकाएकी विद्या गेली असेल काय? जॉन लॅकी तर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे ते पूर्ण वर्ष बाहेर होता. संघाचा सर्वांत घातक फलंदाज डेव्हिड ऑर्टिझ पायाच्या दुखापतीमुळे ९० सामनेच खेळला. जेकबी एल्सबरी खांद्यामुळे ७४. हे सगळे घरातलेच होते. ते नुसते बरे झाले तरी बरीच वाढ फुकटात मिळणार होती.

आता बाजारभाव पाहू. २०१२ मध्ये बाद फेरीत जायला त्या विभागात ९३ विजय लागले होते. ६९ वरून ९३ वर जायचे, म्हणजे २४ विजय हवेत. मुक्त खेळाडूंच्या बाजारात एका जादा विजयाची किंमत त्या काळी ५० ते ७० लाख डॉलर पडत असल्याचे अंदाज होते. मध्यम आकडा ६० लाख धरला तर २४ विजयांचे वर्षाला १४ कोटी ४० लाख डॉलर होतात! आपल्या आयपीएलमध्ये संघाच्या खर्चाला ठाम मर्यादा असते. बेसबॉलमध्ये तशी नाही. मात्र २०१३ साली पगाराचा एकूण आकडा १७ कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेला तर वरच्या रकमेवर दंडाचा कर होता. पहिल्या वर्षी साडेसतरा टक्के, पुन्हा चूक केली तर ३०, आणि असे चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत. तेव्हा सगळे विजय विकत घेणे शक्यच नव्हते.

‘जादा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे थांबू. खेळाडूची किंमत शून्यापासून मोजत नाहीत. किमान पगारात, २०१३ साली हा ४ लाख ९० हजार डॉलर होता, जो कोणी सहज मिळू शकतो त्याच्यापेक्षा हा किती सरस, एवढेच मोजायचे. असे नुसते ‘सहज मिळणारे’ खेळाडू घेऊन संघ उभा केला तर तो १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल असे मानतात. तिथून पुढचा प्रत्येक विजय खरा मोलाचा. आणि विजय म्हणजे किती धावा? वरच्याच सूत्रात ७०० आणि ७०० धावा घाला, ८१ विजय. आता ७१० आणि ७०० घाला. ८२ हून थोडे जास्त. म्हणजे दहा धावांमागे ढोबळमानाने एक विजय. आणि ध्यानात घ्या, दहा धावा काढल्या काय किंवा वाचवल्या काय, फळ जवळपास तेच! बाजारात मात्र धावा काढणाऱ्याला जास्त भाव असतो, वाचवणाऱ्याला कमी. शहाण्या गिऱ्हाइकाने कुठे जायचे हे सांगायला नको.

रेड सॉक्सचे जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनी त्या हिवाळ्यात एकही बडा मासा धरला नाही. शेन व्हिक्टोरिनो, तीन वर्षे, ३ कोटी ९० लाख; रायन डेम्पस्टर, दोन वर्षे, २ कोटी ६५ लाख; जॉनी गोम्स, दोन वर्षे, १ कोटी; डेव्हिड रॉस, दोन वर्षे, ६२ लाख; स्टीफन ड्रू, एक वर्ष, ९५ लाख; आणि ३७ वर्षांचा जपानी पिचर कोजी उएहारा, एक वर्ष, साडेबेचाळीस लाख. माइक नेपोलीशी आधी तीन वर्षांसाठी ३ कोटी ९० लाख ठरले होते. पण वैद्यकीय तपासणीत त्याच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटत असल्याचे आढळले. रक्त मिळाले नाही की हाडाच्या पेशी मरू लागतात आणि हाड ढासळू शकते. मग करार एका वर्षावर आला, हमीची रक्कम ५० लाखांवर; खेळत राहिला तर आणखी ८० लाखांपर्यंत. जोखीम कोणी किती उचलायची याचा इतका स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही.

या सात जणांची सारी हमीची बेरीज करा: सुमारे १० कोटी डॉलर. एकट्या क्रॉफर्डचा करार १४ कोटी २० लाखांचा होता! एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवायची नाहीत हे तर झालेच. पण छोटे करार लवकर संपतात आणि फसलेला डाव फार वर्षे छळत नाही, हा दुसरा फायदा मला अधिक मोठा वाटतो.

डाव फसलेही. डेम्पस्टर बेताचाच ठरला. अखेरची षटके सांभाळण्यासाठी, म्हणजे क्रिकेटच्या भाषेत बोलायचे तर, अदलाबदलीत आणलेला जोएल हॅनरहन नऊ सामन्यांतच जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू बेलीचाही खांदा गेला. तेव्हा जूनच्या अखेरीस हे काम स्वस्तातल्या उएहाराकडे आले, आणि त्याने कमाल केली. हंगामभरात १०१ फलंदाजांना त्याने चेंडूला स्पर्शही न करू देता किंवा चकवून बाद केले, आणि फुकटची धाव-वाट दिली फक्त नऊ जणांना. व्हिक्टोरिनोने फेनवे पार्कच्या प्रशस्त उजव्या मैदानात क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक मिळवले. तिकडे डाव्या मैदानात गोम्सच्या जोडीला होता डॅनिएल नाव्हा. त्याला संघाने २००७ साली एका किरकोळ संघाकडून चक्क एका डॉलरला घेतले होते.

आणि घरातले आजारी बरे झाले. लेस्टरने १५ सामने जिंकले, लॅकी परतला, ऑर्टिझ १३७ सामने खेळला. संघाने २०१३ मध्ये ८५३ धावा काढल्या, ६५६ दिल्या. म्हणजे ११९ जास्त काढल्या, १५० कमी दिल्या; एकूण फरक २६९, दहाने भागले की सुमारे २७. विजय वाढले ते २८: ६९ वरून ९७. नव्या सात जणांवर वर्षाला सुमारे ५ कोटी ३० लाखांची हमी होती. बाजारभावाने त्यात नऊच विजय येतात. उरलेला वाटा बऱ्याच अंशी सरासरीकडे परतलेल्या जुन्या खेळाडूंचा, आणि थोडा स्वस्तात लागलेल्या सोन्याचा. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी रेड सॉक्सने सेंट लुइस कार्डिनल्सला हरवून अजिंक्यपद मिळवले. घरच्या मैदानावर असे १९१८ नंतर प्रथमच घडले.

गोष्ट इथे थांबत नाही. २०१४ मध्ये हाच संघ ७१ सामने जिंकून पुन्हा तळाला गेला. नशीब खोटे म्हणावे, तर काढलेल्या धावा ६३४ आणि दिलेल्या ७१५; सूत्रात घालून पाहा, उत्तर ७१ च येते! २०१३ मध्ये वरच्या टोकाला गेलेली मंडळी आता खाली घसरली होती. गॉल्टनचा नियम दोन्ही दिशांनी चालतो. त्या हिवाळ्यात मात्र संघाने पाब्लो सँडोव्हलला पाच वर्षांसाठी साडेनऊ कोटी आणि हॅन्ली रामिरेझला चार वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले. दोघेही नामांकित फलंदाज. रामिरेझला तर कधी न खेळलेल्या डाव्या मैदानात उभे केले. २०१५ मध्ये संघाने ७४८ धावा काढल्या, ७५३ दिल्या, आणि ७८ सामने जिंकून पुन्हा शेवटचा क्रमांक पटकावला. त्या ७८ मध्ये दुर्दैव किती, याचा हिशेब वहीत करा, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यासाठी तुमची स्वतःची यादी तयार करून शिक्षकांना दाखवा.