दमलेला हात आणि हुकलेले नाणे

१६ नोव्हेंबर १९९२ची गोष्ट. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपल्या एका मित्राला बोलावले. हा मित्र निवृत्त माळी होता आणि धातुशोधक, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेऊन शेतांतून हिंडण्याचा त्याला छंद होता. हातोडा शोधता शोधता त्याच्या उपकरणाने जोरदार संकेत दिला. खणल्यावर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी दिसू लागली. त्याने हाव न धरता खणणे थांबवले आणि खबर दिली. मग पुरातत्त्वज्ञांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सुमारे १५,००० रोमन नाणी आणि दोनशेच्या आसपास इतर मौल्यवान वस्तू त्या एका खड्ड्यातून निघाल्या. हातोडाही सापडला, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे!

अशा गोष्टी वाचल्या की वाटते, हा केवळ नशिबाचा खेळ आहे. नशिबाचा वाटा आहेच. पण इंग्लंडमध्ये हा छंद करणारी मंडळी पाच-पाच, सहा-सहा तास नांगरलेल्या शेतातून उपकरण फिरवीत चालत असतात. सकाळी नऊ वाजता आणि दुपारी तीन वाजता उपकरण तेच असते, माणूस मात्र तोच राहिलेला नसतो. दुपारी त्याला कमी गोष्टी सापडतात. असे का होते, आणि त्यावर उपाय काय, हे या लेखात पाहू. हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही, हेही शेवटी लक्षात येईल.

एका एकराला दहा तास

धातुशोधकाच्या टोकाला तारेचे एक चपटे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीतील धातूच्या तुकड्यात त्यामुळे भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षेत्र उलट वेटोळ्यापर्यंत येते आणि कानातल्या हेडफोनमध्ये आवाज उमटतो. फॅरडेचा नियम शिकवताना सांगता येईल असे हे उत्तम उदाहरण आहे.

आता चालण्याचा हिशेब करू. वेटोळे डावीकडून उजवीकडे दीड मीटर फिरवायला दोन सेकंद लागतात असे धरू. जागा सुटू नये म्हणून प्रत्येक फेरीला फक्त १५ सें.मी. पुढे सरकायचे. म्हणजे मिनिटाला ३० फेऱ्या आणि साडेचार मीटर प्रगती. तासाला २७० मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटरचा पट्टा तपासून होतो. एक एकर म्हणजे सुमारे ४०५० चौरस मीटर. तेव्हा एका एकराला दहा तास! त्यात हात १८,००० वेळा फिरणार, आणि खणण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

अर्धा किलो वजन अडीच किलोचे कसे होते?

हे उपकरण दीड किलोच्या आसपास असते. बाजारातून पाच किलोची पिशवी सहज आणणाऱ्या माणसाला दीड किलोचे काय ओझे? इथे तरफेचा नियम मदतीला येतो.

उपकरणाचा दांडा मुठीत धरलेला असतो आणि त्याचे मागचे टोक कोपराजवळ हाताला टेकलेले असते. मूठ हा टेकू. पुढे, मुठीपासून समजा १०० सें.मी. अंतरावर, अर्ध्या किलोचे वेटोळे आहे. मागे २५ सें.मी. अंतरावर हात दांड्याला खाली दाबतो आहे. ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. समतोलासाठी दोन्हीकडचे आघूर्ण सारखे हवे. पुढे ०.५ × १०० = ५०, म्हणून मागे ५० ÷ २५ = २ किलो भाराचे बल हवे. मुठीला या दोन्हींची बेरीज पेलावी लागते. म्हणजे अर्ध्या किलोच्या वेटोळ्यापायी मुठीवर अडीच किलोचा भार येतो. (दांड्याचे वजन सोपेपणासाठी सोडून दिले आहे.)

आता गंमत पाहा. मुठीच्या मागे ४० सें.मी. अंतरावर, कोपराच्याही पलीकडे, अर्ध्या किलोची बॅटरी बसवली. तिचे आघूर्ण ०.५ × ४० = २०. हाताला आता ५० वजा २० म्हणजे ३० एवढेच आघूर्ण सांभाळायचे आहे. त्यासाठी ३० ÷ २५ = १.२ किलो भार पुरतो. मुठीवरचा एकूण भार ०.५ + ०.५ + १.२ = २.२ किलो. वजन अर्धा किलोने वाढले आणि मुठीवरचा भार अडीचवरून २.२ किलोवर आला! कित्येक उपकरणांत बॅटरी कोपरामागे का असते, याचे उत्तर या हिशेबात आहे. अनुभवी माणसे आणखी एक गोष्ट करतात. खांद्यावरून आणि कमरेवरून पट्टे घेऊन लवचीक दोरीने ती दांडा टांगतात. मग वजन खांदा आणि कंबर पेलतात आणि हाताने फक्त दिशा द्यायची राहते.

न हलणारा स्नायू लवकर का थकतो?

चालताना पायाचे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल पडतात. सैल पडल्यावर त्यांत ताजे रक्त येते. वजन धरून ठेवलेल्या दंडाचे आणि खांद्याचे स्नायू मात्र सतत आवळलेले राहतात. आवळलेल्या स्नायूच्या आत दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि गरज वाढलेली असतानाच पुरवठा कमी होतो.

वाल्टर रोमर्ट या जर्मन संशोधकाने १९६० साली याचा आलेख मांडला. स्नायूच्या कमाल शक्तीच्या निम्मे बल लावून धरले तर माणूस साधारण एक मिनिट टिकतो. बल १५ टक्क्यांच्या आसपास आणले तर तो खूपच जास्त वेळ टिकतो. त्याहून कमी बलही तासन्‌तास लावले तर थकवा येतोच, असे पुढच्या संशोधनातून दिसले. यातून दोन धडे मिळतात. पहिला, ओझे थोडे जरी कमी केले तरी टिकण्याचा काळ पुष्कळ वाढतो. दुसरा, हात पूर्ण दमल्यावर अर्धा तास बसण्यापेक्षा दमण्याआधीच दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे हात मोकळा सोडणे अधिक फायद्याचे.

पाच सेंटिमीटरची किंमत

हात दमला की वेटोळे नकळत वर उचलले जाते. विशेषतः फेरीच्या दोन्ही टोकांना ते लंबकासारखे चढते. पाच-सहा सेंटिमीटरने काय बिघडते?

लहान वस्तूकडून येणारा संकेत कसा घटतो ते पाहू. वेटोळ्याच्या त्रिज्येचा वर्ग आणि वस्तूच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करून तिचा घन केला, तर संकेत साधारणपणे त्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या १४ सें.मी. आणि नाणे २० सें.मी. खोल असेल, तर बेरीज १९६ + ४०० = ५९६. वेटोळे ५ सें.मी. वर उचलले, की १९६ + ६२५ = ८२१. या दोहोंचे गुणोत्तर ०.७२६ आणि त्याचा घन सुमारे ०.३८. म्हणजे संकेत ३८ टक्क्यांवर आला! जेमतेम ऐकू येणारे नाणे अशा वेळी हुकणारच. थकवा ही केवळ सोसण्याची बाब नाही. तो मोजमापातच शिरतो.

हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. चुंबकीय सर्वेक्षणासाठी उपकरण ठरावीक उंचीवर धरून शेतातून चालायचे असते. पहिल्याच मोहिमेत उत्साहाच्या भरात आम्ही दुपारची विश्रांती टाळली. रात्री आलेख काढले, तर दुपारनंतरच्या रांगा सकाळच्या रांगांशी जुळेनात. जमीन तीच होती, उपकरण हातभर खाली आले होते. दोन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले.

कान, पाय आणि पाठ

हात दमतो तसे लक्षही दमते. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने रडारवर नजर ठेवणाऱ्या वैमानिक दलातील माणसांच्या प्रश्नावरून प्रयोग केले आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. घड्याळाचा काटा ठराविक उड्या मारत असे आणि क्वचित एखादी दुप्पट उडी मारी. ती दिसली की कळ दाबायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या हुकण्याचे प्रमाण वाढले. क्वचित येणाऱ्या संकेताची वाट पाहणे हेच मुळात थकवणारे काम आहे. म्हणून अर्ध्या तासाने काम बदलावे. जोडीने गेल्यास एकाने ऐकावे, दुसऱ्याने खणावे.

पायांत घातलेले एक किलो वजन शरीराला पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतके महाग पडते, कारण प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे न्यावे लागते. इंग्लंडच्या चिकण शेतात बुटाला किलो-किलो चिखल चिकटतो. तो मधूनमधून खरवडून काढणे हा आळशीपणा नाही. शिवाय पोलादी टोप्यांचे बूट चालत नाहीत, कारण आपल्याच पायाचा संकेत ऐकू येतो!

वाकून खणण्याचा भार तर याहून मोठा. साठ-पासष्ट किलोच्या माणसाच्या धडाचा वरचा भाग सुमारे ४० किलोचा. वाकल्यावर त्याचा गुरुत्वमध्य कमरेच्या मणक्यापुढे ३० सें.मी. जातो आणि पाठीचे स्नायू मणक्यामागे जेमतेम ५ सें.मी. अंतरावर ओढत असतात. ४० × ३० ÷ ५ = २४० किलो भार! त्यापेक्षा एक गुडघा टेकून, धड सरळ ठेवून खणावे. गुडघ्याखाली गोणपाटाची घडी पुरते.

थंडी आणि ऊन

इंग्लंडमधील हंगाम पिके निघाल्यावर, म्हणजे शरद आणि हिवाळ्यात असतो. थंडीत तहान लागत नाही, पण श्वासातून पाणी जातच असते. गारठलेली बोटे मूठ जास्त घट्ट आवळतात आणि हात आणखी लवकर थकतो. म्हणून तिथे हातमोजे आणि थर्मासमधला चहा ही चैन समजत नाहीत.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांत शिकारी जमिनीत लोखंडी सापळे पुरून ठेवतात. ते शोधण्यासाठी वनरक्षक धातुशोधक घेऊन पाणवठ्यांभोवती गस्त घालतात, आणि ही गस्त सर्वांत महत्त्वाची असते ती भर उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना. अशा उन्हात तासाला एक लिटर घाम सहज जातो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणूनच शरीर थंड राहते. पण ६० किलोच्या माणसाचे सव्वा लिटर पाणी कमी झाले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, की ताकद आणि लक्ष दोन्ही घसरू लागतात. तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. नुसतेच पाणी मात्र ढोसू नये, घामाबरोबर मीठही जाते. मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा लिंबू-सरबत उत्तम. शक्य तर काम पहाटे आणि उतरत्या उन्हात करावे. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले तर काम तिथेच थांबवून सावली, पाणी, अंग ओले करून वारा घालणे आणि डॉक्टर, हा क्रम विसरू नये.

जिथे चूक चालत नाही

दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की याने तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला. त्याचे वजन सुमारे १४ किलो होते! आज कंबोडियात, अंगोलात, अफगाणिस्तानात भूसुरुंग काढणारे स्त्री-पुरुष त्याहून कितीतरी हलकी उपकरणे वापरतात, पण अंगावर संरक्षक कवच आणि चेहऱ्यावर जाड ढाल घालून, उन्हात. तिथे विश्रांती ऐच्छिक नसते. ठरलेल्या वेळी काम थांबवणे हा नियमाचाच भाग असतो. छंद करणाऱ्याचे हुकलेले नाणे जमिनीतच सुरक्षित राहते. हुकलेला सापळा वाघाचा पाय तोडतो. हुकलेला सुरुंग उद्या तिथून जाणाऱ्या मुलाची वाट पाहत बसतो.

वर्गात करण्याजोगे

मीटरभर लांब काठीच्या एका टोकाला अर्ध्या किलोचे वजन बांधा. दुसऱ्या टोकाजवळ मूठ धरून काठी आडवी ठेवायला सांगा आणि किती सेकंदांत टोक खाली झुकते ते मोजा. मग मूठ काठीच्या मध्याकडे सरकवून आणि मागच्या टोकाला प्रतिवजन बांधून पुन्हा मोजा. विद्यार्थ्यांनी वेळ आणि आघूर्ण यांचा आलेख काढावा. तरफेचा धडा त्यांच्या दंडालाच कळेल.

एक सूचना मात्र आवर्जून द्यावी. इंग्लंडमध्ये १९९७ पासून अशा वस्तूंची नोंद करण्याची योजना आहे. आपल्याकडे १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या दफिन्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे. तेव्हा गडकिल्ल्यांवर सहल जाईल तेव्हा खणायचे नाही. न्यायचे ते एवढेच : हलकी पिशवी, मिठाचे ताक आणि दमण्याआधी बसण्याची सवय. वनस्पतींची नोंद असो की विहिरींच्या पातळीची मोजणी, दिवसाचे शेवटचे निरीक्षण पहिल्याइतकेच खरे यायला हवे.