डाउन्टन ॲबी

डाउन्टन ॲबी : (२०१९). त्याच नावाच्या लोकप्रिय ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेची कथा पुढे नेणारा इंग्रजी चित्रपट. पटकथा ज्यूलियन फेलोज यांची असून दिग्दर्शन मायकेल एंग्लर यांनी केले. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील एका काल्पनिक वाड्यात राहणारे ग्रँथमच्या अर्लचे क्रॉली कुटुंब आणि त्याच वाड्याच्या तळमजल्यावर राबणारा नोकरवर्ग ह्यांचे परस्परसंबंध हा मालिकेचा व चित्रपटाचा समान विषय होय. ‘ॲबी’ म्हणजे ख्रिस्ती मठ. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यानंतर त्यांच्या जमिनी सरदारांच्या हाती गेल्या आणि तेथे उभ्या राहिलेल्या अनेक वाड्यांच्या नावांत हा शब्द टिकून राहिला.

मूळ मालिका : फेलोज यांनी निर्माण केलेली ही मालिका कार्निव्हल फिल्म्स ह्या संस्थेने तयार केली. ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीवरून २६ सप्टेंबर २०१० ते २५ डिसेंबर २०१५ ह्या काळात तिचे सहा पर्वांतील ५२ भाग प्रक्षेपित झाले. अमेरिकेतही ती अतिशय लोकप्रिय झाली व तिला एकूण १५ एमी पारितोषिके मिळाली. वाड्यातील ‘वर’चे व ‘खाल’चे जग एकत्र गुंफण्याची तिची रीत नवी नव्हती. एके काळी स्वयंपाकघरात मोलकरीण असलेल्या मार्गारेट पॉवेल यांच्या १९६८ मधील आठवणींनी ह्या विषयाकडे लक्ष वेधले होते. अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स ही मालिका (१९७१–७५) आणि गॉसफर्ड पार्क हा चित्रपट (२००१) ही तिची पूर्वरूपे म्हणता येतील. त्यांपैकी दुसऱ्याच्या पटकथेबद्दल फेलोज यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले होते.

मालिकेची कथा एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाल्याच्या वार्तेने सुरू होते. त्या अपघातात अर्लचे दोन्ही संभाव्य वारस मरण पावतात. अर्लला तीन मुली आहेत. परंतु पदवी आणि तिला जोडलेली मालमत्ता पुरुष वारसाकडेच जावी, असा निर्बंध असल्याने सर्व वैभव मॅथ्यू ह्या मँचेस्टरच्या वकिली करणाऱ्या दूरच्या आप्ताकडे जाणार असते. पहिले महायुद्ध, १९१८ ची इन्फ्ल्यूएन्झाची साथ व आयर्लंडमधील संघर्ष अशा घटनांतून जात ही कथा १९२५ च्या अखेरीस संपते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सरदारवर्गाच्या आर्थिक ऱ्हासाचे वास्तव ह्या कथेच्या मुळाशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागल्याने इंग्लंडमधील शेतजमिनींचे खंड घसरले. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर नवा कर बसविण्यात आला आणि १९१९ मध्ये सर्वांत मोठ्या मालमत्तांवर त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत गेला. हा खड्डा भरून काढण्यासाठी अनेक सरदारांनी धनाढ्य अमेरिकन उद्योगपतींच्या कन्यांशी विवाह केले. मालिकेतील अर्लची पत्नी कोरा ही अशाच वधूंपैकी एक होय. दुसऱ्या बाजूला घरकामाची नोकरी हा विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमधील स्त्रियांचा सर्वांत मोठा व्यवसाय होता व त्यात दहा लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. कारखाने, दुकाने व कचेऱ्यांतील कामे उपलब्ध होऊ लागताच हा वर्ग वाड्यांपासून दूर जाऊ लागला. मालिकेतील ग्वेन ही मोलकरीण टंकलेखन शिकून कचेरीत नोकरी मिळवते, ते ह्या स्थित्यंतराचे उदाहरण होय.

कथानक : मालिकेच्या शेवटी बहुतेक पात्रांचे प्रश्न सुटलेले होते. त्यामुळे सर्व पात्रांना पुन्हा हालचाल करण्यास लावणारी एकच घटना शोधणे, हा चित्रपटापुढील मुख्य प्रश्न होता. फेलोज यांनी त्यासाठी राजभेटीचा प्रसंग योजला. १९२७ मध्ये राजे पाचवे जॉर्ज व राणी मेरी हे डाउन्टन येथे एका रात्रीच्या मुक्कामास येणार असल्याचे पत्र येते. १९११ मध्ये दिल्ली दरबारासाठी मुंबईत उतरलेले आणि ज्यांच्या आगमनाचे स्मारक म्हणून गेट वे ऑफ इंडिया उभारले गेले, तेच हे राजदांपत्य. पत्राचा प्रवास दाखविणारी सुरुवातीची दृश्ये मालिकेच्या पहिल्या भागातील, अशुभ वार्ता आणणाऱ्या तारेची आठवण करून देतात.

राजाबरोबर त्याचे स्वतःचे बटलर, आचारी व सेवकही येतात आणि डाउन्टनच्या नोकरांना बाजूला सारतात. तेव्हा निवृत्त बटलर कार्सन व इतर नोकर गुप्त कट करून राजसेवकांना दूर ठेवतात आणि मेजवानीची सेवा स्वतः करतात. ही घटना वरकरणी विनोदी असली, तरी चित्रपटाचा आशय तिच्यात एकवटला आहे. येथील बंड नोकरीविरुद्ध नसून नोकरी करण्याच्या हक्कासाठी आहे. मालिका १९२५ च्या अखेरीस संपते व चित्रपट १९२७ मध्ये सुरू होतो. म्हणजे १९२६ मधील ब्रिटिश कामगारांचा सार्वत्रिक संप नेमका ह्या दोहोंमधील मोकळ्या जागेत पडतो. खऱ्या वर्गसंघर्षाच्या जागी आलेले हे निष्ठेचे बंड डाउन्टनच्या जगाचा स्वभाव आणि त्याची मर्यादा दोन्ही दाखविते.

इतर उपकथानकेही समेटाकडे झुकतात. एके काळी वाड्यात मोटारचालक असलेला आणि आयरिश राष्ट्रवादी विचारांचा टॉम ब्रॅन्सन हाच राजावरील प्राणघातक हल्ला उधळून लावतो. ह्याला अपवाद बटलर टॉमस बॅरो ह्याच्या कथेचा. यॉर्कमधील समलिंगी पुरुषांच्या गुप्त नृत्यगृहावर पोलिसांचा छापा पडून त्याला अटक होते. इंग्लंडमध्ये अशा संबंधांना १९६७ पर्यंत कायद्याने गुन्हा मानले जाई. त्यामुळे जुन्या व्यवस्थेची कठोर बाजू येथे उघडपणे समोर येते. अर्लची थोरली कन्या मेरी हिला हा खर्चिक वाडा चालवावा की सोडावा, असा प्रश्न पडतो. आपला अंत जवळ आल्याचे सांगून वृद्ध आजी व्हायोलेट घराण्याचे भवितव्य तिच्यावर सोपविते.

निर्मिती : ह्यू बॉनव्हिल, एलिझाबेथ मॅगव्हर्न, मिशेल डॉकरी, जिम कार्टर, ॲलन लीच इ. नटनटींनी आपल्या मूळ भूमिका पुन्हा केल्या. सायमन जोन्स व जेराल्डीन जेम्स यांनी राजाराणीची कामे केली. व्हायोलेटच्या भूमिकेतील मॅगी स्मिथ (१९३४–२०२४) यांच्या तिखट व नेमक्या संवादफेकीचा ठसा सर्वाधिक उमटला. संगीत जॉन लन यांचे आहे. वाड्याची दृश्ये हॅम्पशरमधील हायक्लेअर कासल येथे चित्रित झाली. कार्नार्व्हनच्या अर्लचा हा वाडा एकोणिसाव्या शतकात सर चार्ल्स बॅरी ह्या वास्तुशिल्पज्ञाने नव्याने घडविला. ब्रिटिश संसदभवनाचा आराखडाही त्याचाच. तूतांखामेनच्या थडग्याच्या उत्खननास पैसा पुरविणारे पाचवे अर्ल येथलेच. राजकन्येच्या घरच्या नृत्यसमारंभासाठी वेंटवर्थ वुडहाउस ह्या यॉर्कशरमधील प्रासादाचा उपयोग करण्यात आला. तेथे १९१२ मध्ये खरोखरच पाचवे जॉर्ज मुक्कामास होते.

नंतरचे चित्रपट : पहिल्या चित्रपटाने जगभर सु. १९ कोटी डॉलरचे उत्पन्न मिळविल्यावर सायमन कर्टिस यांच्या दिग्दर्शनाखाली आणखी दोन चित्रपट निघाले. अ न्यू एरा (२०२२) ह्यात गळक्या छपराच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा म्हणून वाडा एका चित्रपटसंस्थेस भाड्याने दिला जातो. १९२८ च्या सुमारास मूकपटांचे युग संपत आले होते. त्यामुळे तेथे चाललेल्या मूकपटाचा मध्येच बोलपट करावा लागतो आणि उच्चार न शोभणाऱ्या नायिकेला मेरी आवाज देते. हिचकॉकच्या ब्लॅकमेल (१९२९) मध्ये ॲनी ऑन्ड्रा ह्या नायिकेबाबत अशीच युक्ती योजावी लागली होती. ह्याच चित्रीकरणात नोकरमंडळी उंची पोशाख घालून भोजनगृहात सरदारांच्या जागी बसतात. हायक्लेअरच्या मालकांनाही मालिकेमुळे वाढलेल्या पर्यटनाचा वास्तूच्या दुरुस्तीसाठी उपयोग झाला, हे लक्षात घेता ह्या कथाभागाला वास्तवाचा आधार आहे. द ग्रँड फिनाले (२०२५) हा अखेरचा चित्रपट १९३० मध्ये घडतो. घटस्फोटामुळे उच्चभ्रू समाजाने दूर केलेल्या मेरीच्या हाती अर्ल वाड्याचा कारभार सोपवितो. हा चित्रपट मॅगी स्मिथ यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

मूल्यमापन : नोकर व मालक ह्यांच्यातील संबंध अवास्तव प्रेमळ रंगविले असल्याची टीका मालिकेवर प्रथमपासून झाली, सायमन शामा ह्या इतिहासकाराने तिच्यातील गतकालाच्या ओढीवर कठोर प्रहार केले. दीर्घ मालिकेत पात्रांना मिळणारा अवकाश दोन तासांत मिळत नाही आणि मालिका न पाहिलेल्यास नात्यांचा गुंता उलगडत नाही, हेही दोष चित्रपटात आहेत. तथापि वेशभूषा, भोजनाचे शिष्टाचार व नोकरांची श्रेणीरचना ह्यांच्या तपशीलवार चित्रणामुळे लोप पावलेल्या एका जीवनपद्धतीचे दृश्यरूप त्यात जतन झाले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील असे शेकडो वाडे पाडले गेले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात ह्या विध्वंसाचे प्रदर्शन भरविण्यात आले होते. डाउन्टनचा वाडा मात्र प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी उभाच राहतो. प्रेक्षकांना त्यातून मिळणारा दिलासा हे ह्या मालिकेच्या व चित्रपटांच्या लोकप्रियतेचे प्रमुख कारण असून इतिहासाशी त्यांची फारकतही तेथेच होते.