कापसाने वसवलेले खामगाव आता अनुदानावर

बुलढाणा जिल्ह्यातले सर्वात मोठे शहर बुलढाणा नव्हे. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक ही सगळी मंडळी घाटावरच्या बुलढाण्यात बसतात. लोकवस्ती मात्र घाटाखाली खामगावात जास्त. २०११ च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या ९४ हजारांच्या घरात होती, तर जिल्ह्याच्या ठिकाणाची ६७ हजारांच्या. खामगाव जिल्हा व्हावा ही मागणी म्हणूनच जुनी आहे आणि दर निवडणुकीत ती नव्याने झटकून बाहेर काढली जाते.

हे असे का झाले, याचे उत्तर कापसात आहे. बुलढाणा थंड हवेमुळे साहेबांना मानवले, म्हणून ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. खामगाव व्यापाऱ्यांनी वसवले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे काही जणांनी दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडाफार कापूस एवढाच त्यांचा माल. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. पुढे मुंबई–नागपूर रेल्वे पूर्णेच्या खोऱ्यातून गेली, पण खामगावपासून दहा-बारा किलोमीटर दूरून. बाजार रेल्वेवरच्या शेगावकडे सरकतो की काय, अशी धास्ती पडली. मग खास कापसासाठी मुख्य मार्गावरच्या जलंबहून खामगावपर्यंत फाटा टाकला गेला आणि मार्च १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. व्होलकार्ट ब्रदर्ससारख्या युरोपीय पेढ्यांनी इथे खरेदीची ठाणी उघडली. गाठी इथे दाबायच्या, मुंबईला रवाना करायच्या आणि तिथून बोटीने लिव्हरपूलला, असा तो रस्ता होता.

रेल्वेच्या तीन वर्षे आधी, १८६७ मध्ये, खामगावची नगरपालिका स्थापन झाली होती. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिंदुस्थानातल्या स्थानिक स्वराज्याचा पाया म्हणून आपण १८८२ चा लॉर्ड रिपनचा ठराव सांगतो; खामगावची पालिका त्याच्या पंधरा वर्षे आधीची. पण तिच्यामागे लोकशाहीची कळकळ होती, असा गैरसमज नको. हंगामात हजारो बंड्या गावात उतरत. बैल, गाडीवान, हमाल, दलाल, अडते, शिवाय जिनात सरकी वेगळी करणारे मजूर. एवढ्या माणसांना आणि जनावरांना पाणी हवे, रस्ते हवेत, रात्री दिवे हवेत, आणि पटकीची साथ आली तर व्यापार बुडतो, म्हणून सफाई हवी. बाजार चालायचा तर गाव चालले पाहिजे, एवढा तो साधा हिशेब होता.

इंग्लंडातल्या जुन्या बाजारगावांची घडण अशीच. राजाची सनद मिळाली की गावाने आठवड्याचा बाजार भरवायचा, येणाऱ्या मालावर पट्टी घ्यायची आणि त्या पैशातून रस्ता, पूल, चौकीदार सांभाळायचा. कारभार मूठभर पेढीवाल्यांच्या हातात गेला म्हणून तिथल्या संसदेला १८३५ मध्ये कायदा करून निवडून आलेल्या पालिका आणाव्या लागल्या. वऱ्हाडात हा क्रम थोडा उलटा फिरला. इथे पालिका आधी आली आणि बाजारावर कायद्याचा लगाम नंतर, १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने. त्याआधी सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि खरेदीदार कापडाआड बोटे दाबून भाव ठरवत आणि माल ज्याचा, तो शेतकरी बाजूला उभा. वर कपात, धर्मादाय, वजनातला मार वेगळा. नव्या कायद्याने बाजार समिती आली, तिच्यात पालिकेची माणसे आली, व्यापारी आले. शेतकरी मात्र आला नाही. ही उणीव पुढे १९२८ च्या शाही शेती आयोगानेही दाखवली. आज बाजार समितीच्या निवडणुकीत जी चुरस आणि जो पैसा दिसतो, त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. त्या आवारात शेतकऱ्याला खुर्ची मिळायला फार वर्षे लागली.

तेव्हाचे खामगाव बुलढाणा जिल्ह्यात नव्हतेच, अकोल्यात होते. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. त्यामुळे खामगावकराचा पाय आजही सवयीने अकोल्याकडे वळतो: मोठा दवाखाना, मोठी खरेदी, कॉलेज अकोल्याला, आणि सरकारी कागद मात्र घाट चढून बुलढाण्याला.

शहराच्या वैभवाच्या खुणा अजून सापडतात. गावाबाहेरचा जनुना तलाव ब्रिटिश काळातला. नळाचे पाणी ही चैन होती तेव्हा या गावाने ती भोगली. टिळकांच्या निधनानंतरच्या भारावलेल्या दिवसांत उभी राहिलेली राष्ट्रीय शाळा, म्हणजे टिळक राष्ट्रीय विद्यालय, इथलेच. पंधे गुरुजींनी ते कलेसाठी नावाजले. खामगावची चांदी घ्यायला वऱ्हाड-खान्देशातून लोक येतात आणि ‘रजतनगरी’ हे बिरुद मिरवायला गावाला आवडते. कोजागरीला, म्हणजे बाकी महाराष्ट्रातल्या देव्या विसर्जित होऊन गेल्यावर, इथे जगदंबेचा शांती उत्सव सुरू होतो. या जगदंबेच्या, म्हणजे ‘मोठ्या देवी’च्या दर्शनाला लोटणारी ती गर्दी सांभाळताना पालिकेच्या सफाई कामगारांची परीक्षाच असते. पहाटे रस्ता झाडून ठेवणाऱ्या या माणसांना कोणी नारळ देत नाही, हे जाता जाता.

घसरण एका दिवसात झाली नाही. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. खासगी खरेदीला बंदी, सगळा कापूस पणन महासंघाकडे. शेतकऱ्याला हमी मिळाली, चुकाऱ्याची वाट पाहणेही मिळाले. बाजारातली कापसाची हर्राशी मात्र थंडावली. ती योजना तीन दशके चालली. ती संपेपर्यंत शेतात सोयाबीन पसरले होते. आता बाजार समितीच्या आवारात दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे ढीग लागतात, मग तूर, मग हरभरा. कापूस बराचसा थेट जिनिंगच्या दारात जातो किंवा भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर. तिथे यंत्राची सुई ओलाव्याचा आकडा दाखवते: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत टक्क्यामागे कपात, त्याहून जास्त तर गाडी परत. सकाळच्या दवात भरलेली गाडी घेऊन आलेला शेतकरी दुपारपर्यंत ऊन खात उभा राहतो, ते या सुईसाठी.

पालिकेच्या दृष्टीने मात्र खरा घाव १९९९ चा. त्या वर्षी राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले आणि त्यात वावगे काही नव्हते. नाक्यावरचा त्रास आणि चिरीमिरी सगळ्यांनी भोगली होती. पण जकात म्हणजे बाजारगावाच्या तिजोरीची किल्ली होती. माल वाढला की उत्पन्न वाढे, म्हणून बाजार वाढावा यात पालिकेचा स्वार्थ होता. जकात गेल्यावर सरकारने सहायक अनुदान लावून दिले. तेव्हापासून पगार त्या अनुदानावर, रस्ते सरकारच्या नगरोत्थान योजनेतून, नाल्या वित्त आयोगाच्या पैशातून. गावातली उलाढाल दुप्पट झाली काय आणि निम्मी झाली काय, पालिकेच्या खात्यात त्याचा पडसाद उमटत नाही. नगरसेवकाची धाव बाजाराकडे नाही, मंत्रालयाकडे असते. माझ्या मते खामगावच्या आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

उरली घरपट्टी आणि नळपट्टी. दर चार वर्षांनी होणारी कर आकारणी, म्हणजे ‘चतुर्थ वार्षिक’, जवळ आली की राजकारण्यांच्या पोटात गोळा येतो, कारण वाढीव पट्टीच्या नोटिसा घरोघर गेल्या की मते जातात. मग आक्षेप, सुनावण्या, स्थगिती. मार्च महिन्यात वसुलीची पथके फिरतात, थकबाकीदारांची नावे फलकावर लागतात आणि एप्रिल उजाडला की सगळे शांत.

पाण्याचे चित्र पाहिले की हा हिशेब डोळ्यांना दिसतो. शहराला पाणी येते गेरू माटरगावजवळच्या ज्ञानगंगा प्रकल्पातून. नळ मात्र काही दिवसांआड सुटतो. बाळापूर फैलासारख्या दाट वस्तीत त्या दिवशी घरातले कोणीतरी कामावर जात नाही. व्हॉल्व्हमन चावी घेऊन निघाला की आधी बायका दारात येतात, “भाऊ, आज कवा सोडता?” आणि पाणी सुटले की गल्लीभर टिल्लू पंपांची घरघर सुरू. ज्याच्याकडे पंप त्याची टाकी भरते. उताराच्या टोकाला राहणाऱ्याच्या नळातून हवा तेवढी येते. शिर्ला-नेमाने धरणावरून वाढीव पाणीपुरवठा योजनेची चर्चा या शहराने इतकी वर्षे ऐकली आहे की तिच्या नावाने आता कोणी टाळी वाजवत नाही.

दुसरे दुखणे हद्दीचे. शहर केव्हाच पालिकेच्या वेशीबाहेर गेले. सुटाळा, घाटपुरी, वाडी या ग्रामपंचायतींच्या हद्दीत नव्या कॉलन्या उठल्या. तिथला माणूस खामगावात कमावतो, खामगावात खरेदी करतो, आग लागली तर पालिकेच्या बंबाची वाट पाहतो. कर भरतो ग्रामपंचायतीला. ग्रामपंचायतीकडे एवढ्या वस्तीला पुरतील अशा नाल्या नाहीत, कचऱ्याची सोय नाही. हद्दवाढीचा विषय निघाला की दोन्हीकडचे पुढारी एकदम सावध होतात. ग्रामपंचायतीला उत्पन्न सोडवत नाही, रहिवाशांना वाढीव घरपट्टी नको आणि पालिकेला जबाबदारी नको.

दाखल्यांच्या खिडकीवर मात्र बदल दिसतो. जन्म-मृत्यूची नोंद, मालमत्ता हस्तांतर, ना-हरकत दाखला यांसाठी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदती ठरवून दिल्या आहेत आणि मुदत टळली तर अपिलाचा हक्क आहे. कायदा चांगला, खिडकीपलीकडचे कर्मचारी कमी आणि अलीकडच्यांना कायदा माहीत नाही. ‘उद्या या’ हे दोन शब्द अजून पूर्ण हद्दपार झालेले नाहीत. त्यात निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर राज्यातल्या इतर पालिकांप्रमाणे इथलाही कारभार काही वर्षे प्रशासकाकडे होता. प्रशासकाने काम केले नाही असे नव्हे, पण नाली तुंबली तर कोणाच्या दारात जायचे, हे वॉर्डातल्या माणसाला कळेनासे झाले.

खामगाव जिल्हा व्हावा का? अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय, सामान्य रुग्णालय, औद्योगिक वसाहत, सगळे इथे आहेच; उद्या पाटी लागली तर घाट चढण्याचा त्रास वाचेल. जालन्याला जोडणाऱ्या रेल्वेची शतकभराची मागणी मान्य झाली तर बाजारालाही नवा श्वास मिळेल. पण हे दोन्ही निर्णय मुंबई-दिल्लीत व्हायचे आहेत. हद्दवाढ, पाण्याचे समान वाटप आणि घरपट्टीची खरी आकारणी हे तीन विषय मात्र खामगावच्या सभागृहात मांडता येतात. अर्थसंकल्पाची सभा दरवर्षी होते आणि त्याची प्रत मागण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे. या वर्षी ती मागा.